खोल पाण्याचा ठराव

सभेच्या खोलीत एक लांब टेबल होतं आणि नऊ खुर्च्या. त्यांतल्या दोन प्लॅस्टिकच्या. एकीचा पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. भिंतीवर घड्याळ एक, बंद. खिळ्याला अडकवलेल्या शिट्ट्या दोन. पोहणाऱ्यांचे गट-फोटो अकरा. त्यांतल्या सातांमध्ये काका होते, प्रत्येकात मागच्या रांगेत, प्रत्येकात ओले. टेबलावर पाण्याचे ग्लास नऊ, अध्यक्षांची घंटी एक, नियमावलीच्या प्रती तीन. दाराजवळची एक खुर्ची मी उचलून बाहेर ठेवली, कारण तिथे चाकांची खुर्ची येणार होती. खुर्च्या राहिल्या आठ आणि माणसं येणार होती नऊ, म्हणजे बरोबर.

आमच्या पोहण्याच्या क्लबची मी चिटणीस. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते, त्यामुळे तलावाच्या पाण्याचे नमुने घ्यायला यायचे, आणि येता-जाता कार्यकारिणीच्या गळाला लागले. चिटणिसाला आमच्याकडे मत नसतं. सभा बोलवायची, जे बोललं जाईल ते लिहायचं आणि हात मोजायचे. मला हे काम आवडतं. मोजताना माणसाला बाजू घ्यावी लागत नाही, असं मला तोपर्यंत वाटत होतं.

त्या दिवशी एकच मोठा विषय होता. जुन्या फरशा बदलायच्या म्हणून तलाव रिकामा केला होता, आणि काकूने ठराव दिला होता की काम काढलंच आहे तर खोल टोकाचा खड्डा भरून घ्यावा आणि सगळा तलाव छातीइतक्या पाण्याचा करावा. आमचा तलाव मुळात उड्या मारणाऱ्यांसाठी बांधलेला. त्याच्या उथळ टोकालासुद्धा पाणी काकांच्या हनुवटीला लागतं.

काका म्हणजे माझे सख्खे काका, आणि काकू अर्थातच काकू. दोघंही कार्यकारिणीत, दोघंही लग्नाच्या आधीपासून या तलावात. गेल्या वर्षी काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि बोलणं कुठेतरी आत अडकलं. समोरच्याचं त्यांना सगळं समजतं, पण तोंडातून मोजकेच शब्द बाहेर येतात. 'अगं', 'नाही', 'बरोबर' हे नेहमीचे. चांगल्या दिवशी आणखी दोन-चार. व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या होत्या की छातीभर पाण्यात उभं राहिलं तर पायांवर वजनाचा साधारण तिसराच हिस्सा येतो. तिथे ते कदाचित आधाराशिवाय उभे राहतील. काकूने ते ऐकलं आणि त्याच आठवड्यात ठराव लिहून माझ्या हातात दिला.

त्या ठरावाला काका पहिल्या दिवसापासून 'नाही' म्हणत होते.

सभेआधी दुपारी मी त्यांना आणायला गेले तेव्हा काकू त्यांना शर्ट घालत होती. आधी उजवा हात बाहीत, मग डावा. काढताना उलट.

"आलीस का गं मोजपट्टी? बस. तुझे काका आज रुसलेत."

"नाही," काका म्हणाले.

"मग हसा बघू."

"नाही."

"बघ, म्हटलं ना."

मी पलंगाच्या कडेला बसले. जे मनात होतं ते बोलून टाकलं. "काकू, बाजूने तीन आहेत आणि विरोधात तीन. काकांना धरलं तर विरोधात चार."

"मला येते बेरीज."

"म्हणजे काका आले तर ठराव पडतो."

"हो."

"आणि नाही आले तर—"

"तर बरोबरी. मग अध्यक्ष म्हणून डॉक्टरांचं निर्णायक मत, आणि ते माझ्या बाजूचे. कळतं मला तेही." तिने शेवटचं बटण लावलं आणि कॉलर सारखी केली. "नोटीस कोणाच्या नावाने काढली होतीस?"

"दोघांच्या."

"मग? एक पाकीट वाटायचं आणि दुसरं उशीखाली दाबायचं, तसला पोस्टमन समजलीस का मला?"

"अगं," काका म्हणाले. या 'अगं'चा अर्थ मला लागला नाही. काकूला लागला असावा.

"काय अगं? जन्मभर माझ्या विरोधात हात वर केलात, आज काय नवीन आहे? पाय उचला, बूट घालते."

नंतर स्वयंपाकघरात पाण्याची बाटली भरताना ती हळूच म्हणाली, "त्यांना वाटतं मी कीव करते त्यांची. कीव कसली? मला ते उभे राहिलेले बघायचेत गं, बस. बसलेल्या माणसाशी भांडताना मान खाली घालावी लागते. चव नाही राहत भांडणाला."

बाटलीचं झाकण तिने दोनदा लावलं.

सभेला सगळे आले. अध्यक्ष दाताचे डॉक्टर, त्यांना सगळे नुसतं डॉक्टरच म्हणतात. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या बाई आणि शाळेतल्या बाई या दोघी काकूच्या बाजूच्या. समोर बेकरीवाले, उड्या शिकवणारी तरुण कोच आणि कलमकाका. कलमकाका हे जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. नियमावली त्यांना तोंडपाठ आहे, तरीही ते दर वेळी पान उघडून वाचतात. त्यांचं म्हणणं असं की पाठांतराला सभेत किंमत नसते.

काकांची खुर्ची आत आली तसे बेकरीवाले उठून उभे राहिले. "या, या! जोडी आली. तुम्ही दोघं घरी राहिलात तरी निकाल तोच लागतो, वहिनी. तुमचं एक इकडे, यांचं एक तिकडे. उगीच पेट्रोल जाळता."

"तुमची बिस्किटं खायला येतो आम्ही," काकू म्हणाली. "मागच्या वेळची मऊ पडली होती."

काका हसले. त्यांचं हसू आता डावीकडूनच येतं.

गणपूर्ती झाली, मागच्या सभेचं इतिवृत्त मी वाचलं, ते मंजूर झालं. मग डॉक्टरांनी घंटी वाजवून काकूला ठराव मांडायला सांगितलं. काकू उभी राहिली. ती लहान मुलांबद्दल बोलली, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांबद्दल बोलली, पाण्याला घाबरून काठावर बसून राहणाऱ्या बायकांबद्दल बोलली. काकांचं नाव तिने एकदाही घेतलं नाही. चष्मेवाल्या बाईंनी अनुमोदन दिलं.

मग कोच बोलली. तिला सभेत बोलायची सवय नाही. "माझ्याकडे नऊ मुलं आहेत उड्या शिकायला," ती म्हणाली. "खोल पाणी नसेल तर ती कुठे जाणार? मी स्वतः इथेच शिकले, यांच्याकडे." तिने काकांकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. "ताई, मला कळतंय तुम्ही हे कशासाठी... म्हणजे मला वाईट वाटतंय. पण माझं मत विरोधात आहे."

"वाईट वाटून घेऊ नकोस," काकू म्हणाली. "मत दे आणि बिस्किट खा."

डॉक्टरांनी आणखी कोणाला बोलायचंय का विचारलं. काकांनी डावा पंजा टेबलावर दोनदा आपटला.

डॉक्टर आणि काका शाळेपासूनचे मित्र. त्यांनी घंटी बाजूला सरकवली. "बोल. वेळेची घाई नाही."

काकांनी तोंड उघडलं. ओठ हलले, मानेची शीर ताणली गेली. टेबलाभोवती प्रत्येकाच्या मनात एकेक शब्द तयार असणार, पण कोणीही तो पुरवला नाही. यासाठी मला त्या सगळ्यांचं कौतुक वाटतं. समोरचा माणूस शब्द शोधत असताना गप्प बसणं अवघड असतं.

"खोल," काका म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मग, "पाहिजे."

डॉक्टरांनी थोडं थांबून विचारलं, "झालं?"

"बरोबर."

मी ते दोन्ही शब्द तसेच लिहिले.

डॉक्टर म्हणाले, "मतदान घेऊ. बाजूने?"

काकूचा हात, चष्मेवाल्या बाईंचा, शाळेतल्या बाईंचा. तीन.

"विरोधात?"

कोच, बेकरीवाले, कलमकाका. आणि काकांनी डावा हात उचलला, अगदी डोक्याच्याही वर.

मी 'चार' म्हणणार तेवढ्यात कलमकाकांनी आपला हात खाली न आणता म्हटलं, "हरकतीचा मुद्दा."

"कोणावर हरकत?" बेकरीवाल्यांनी विचारलं. "आपल्याच बाजूचं मत आहे ते!"

"बाजूचा प्रश्न नाही." कलमकाकांनी दुसऱ्या हाताने पान उघडलं आणि वाचलं. "मतदान उजवा हात वर करून होईल. पंजा खांद्याच्या वर असला पाहिजे. डावा हात मोजला जाणार नाही."

खोलीतल्या बहुतेकांना या नियमाची जन्मकथा माहीत होती. पूर्वी एकदा कपडे बदलायच्या खोल्यांच्या रंगावरून मतदान झालं. बेकरीवाल्यांनी उत्साहाच्या भरात दोन्ही हात वर केले आणि ते दोन मतं म्हणून मोजले गेले. खोल्या केशरी झाल्या, अजून आहेत. त्यानंतर हा नियम झाला. तेव्हाचे चिटणीस काका होते, आणि शब्द न शब्द त्यांचाच.

"माझ्यासाठी केलेलं कलम आहे ते," बेकरीवाले म्हणाले. "ते यांच्यावर कशाला लावता?"

"कोणावर लावायचं आणि कोणावर नाही हे ठरवायला लागलो तर मग कलम कशाला?" कलमकाकांचा आवाज एरवीइतका पक्का नव्हता. "मागच्या वर्षी हिचं मत बाद केलं होतं ना?"

केलं होतं. कोच डावखुरी आहे. काकांच्या झटक्याच्या आधीची गोष्ट. सवयीने तिने डावा हात वर केला आणि काकांनीच तो मोजू दिला नाही. त्या दिवशी ती तलावाच्या काठावर जाऊन रडली होती. काका तिच्यासाठी टॉवेल घेऊन गेले. तिचं मत मात्र त्यांनी धरू दिलं नाही.

"माझी काही हरकत नाही," कोच घाईघाईने म्हणाली. "खरंच नाही. मोजा ना यांचं."

"नियम आत्ता बदलू या," शाळेतल्या बाई म्हणाल्या. "सगळे आहोतच की."

"सर्वसाधारण सभेशिवाय नाही बदलता येत," कलमकाका म्हणाले.

"चिठ्ठ्या टाकू."

"मतदान सुरू व्हायच्या आधी मागणी करावी लागते."

डॉक्टरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला, परत लावला. ते काकांकडे बघत होते आणि काका पान उघडलेल्या नियमावलीकडे. मग काकांनी डावा हात हळूहळू खाली आणला आणि मांडीवर ठेवला.

"नियम," ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्या वर्षात पहिल्यांदा ऐकला. "बरोबर."

बेकरीवाल्यांनी बिस्किटांची थाळी उगीच इकडून तिकडे सरकवली. काकांचे डोळे कोरडे होते. ते समोरच्या फोटोंकडेही बघत नव्हते आणि आमच्याकडेही नाही. आजारपणात मी त्यांना पडलेलं पाहिलं आहे, नळ्या लावलेलं पाहिलं आहे. पण त्या खुर्चीत ते त्या क्षणी जितके बाहेरचे दिसले, तितके त्या वर्षभरात कधी दिसले नव्हते.

डॉक्टर खाकरले. "मग तीन आणि तीन. बरोबरी झाली. नियमाप्रमाणे आता माझं..."

"थांबा," काकू म्हणाली.

ती उभी होती. कधी उठली ते मला दिसलं नाही.

"मलाही हरकतीचा मुद्दा मांडायचाय. कलमकाका, ते वाक्य परत वाचा."

त्यांनी वाचलं.

"उजवा हात पाहिजे. ठीक. पंजा खांद्याच्या वर पाहिजे. तेही ठीक. हात वर करायला कोणी मदत करू नये, असं लिहिलंय कुठे?"

कलमकाकांनी ते पान वाचलं, पुढचं वाचलं, मागचं वाचलं. त्यांचं बोट ओळींखालून सरकत होतं. "तसं लिहिलेलं नाही," शेवटी ते म्हणाले. "मात्र हे आहे. दुसऱ्याच्या वतीने मत देता येणार नाही."

"माझं मत मी देऊन बसलेय. सगळ्यांनी पाहिलं. यांचं मत माझ्या विरोधात आहे, तेही सगळ्यांनी ऐकलं. स्वतःलाच पाडायला मी यांचा हात ढकलीन, असं वाटतं का कोणाला?"

"वहिनी," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही हे काय करताय, कळतंय ना तुम्हाला?"

"डॉक्टर, आज सगळेच मला बेरीज शिकवायला लागलेत."

डॉक्टर खाली बघून हसले आणि मग हसायचे थांबले. त्यांनी कलमकाकांकडे पाहिलं. कलमकाकांनी पुस्तक मिटलं. "सभासदाची इच्छा स्पष्ट असेल तर माझी हरकत मी मागे घेतो," ते म्हणाले. त्यांना हे म्हणायला मिळाल्याचा किती आनंद झाला होता, ते त्यांच्या कानांवरून दिसत होतं. दोन्ही लाल झाले होते.

"मग विरोधातली मतं पुन्हा घेतो," डॉक्टरांनी जाहीर केलं.

बेकरीवाले ताडकन उठून काकांच्या उजव्या बाजूला गेले. "मी धरतो हात."

"हात लावू नका!" काकू इतक्या जोरात म्हणाली की ते जागीच थबकले. मग तिचा आवाज उतरला. "तसं नाही. मनगटाला धरून ओढलं की खांदा निखळतो यांचा. बसा तुम्ही, तुमचं स्वतःचं मत द्यायचंय अजून."

ती टेबलाला वळसा घालून आली आणि काकांच्या उजवीकडे खाली वाकली. आधी तिने आपले तळवे एकमेकांवर घासून गरम केले. मग एक हात त्यांच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्यावर ठेवला, आणि दुसरा कोपराखाली.

"अहो. घरी आपण इतकं वर नेत नाही. दुखेल."

"अगं," काका म्हणाले.

"दुखलं तर सांगायचं. उगीच दात आवळून बसायचं नाही, दाताचे डॉक्टर आहेत समोर."

"बरोबर."

"विरोधातच ना? नक्की?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा त्यांच्या चेहऱ्यापासून एक वीत दूर होता. ती वाकलेली होती, त्यामुळे दोघांपैकी कोणालाच मान खाली घालावी लागत नव्हती. त्यांचे ओठ हलायला लागले, आणि आम्ही सगळे पुन्हा गप्प झालो.

"उचल," ते म्हणाले.

"ठरावाच्या विरोधात?" डॉक्टरांनी विचारलं.

कोचने हात वर केला, या वेळी उजवा, आणि दुसऱ्या हाताने नाक पुसलं. बेकरीवाल्यांनी आपला डावा हात मांडीखाली दाबून धरला आणि उजवा उंच केला. कलमकाकांनी केला.

काकूने फरा थोडा पुढे सरकवला आणि कोपर उचललं. हात आधी नुसता जड होता; बाहीच्या आत दंड लोंबकळत होता. तिने घाई केली नाही. थोडं वर, मग थांबून त्यांच्या तोंडाकडे बघायचं. आणखी थोडं, पुन्हा थांबायचं. काकांच्या कपाळावर आठी पडली तशी ती थांबली, तळव्याने फऱ्यावर दोनदा चोळलं, आठी गेली तेव्हा पुढे निघाली. कोपर छातीच्या वर आलं. तिथे तिने पाठीवरचा हात सोडून मनगटाखाली आपली बोटं नुसती टेकवली, न ओढता, आणि पंजा वर वळवला. तो बंद मुठीसारखा होता. तिने अंगठ्याने एकेक बोट उलगडलं.

तिचा श्वास मला टेबलाच्या या टोकाला ऐकू येत होता. खाली वाकल्यामुळे तिचे केस सुटून काकांच्या बाहीवर आले होते, आणि ते मागे सारायला तिच्याकडे हात रिकामा नव्हता. काकांनी डावा हात पुढे करून ते तिच्या कानामागे नेऊन ठेवले.

"मोज गं," काकू माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी धरलाय. नीट मोज."

मी उठून टेबलाच्या कडेने गेले आणि त्यांच्या बाजूला उभी राहिले, म्हणजे नजर खांद्याच्या रेषेत येईल. दोनदा पाहिलं. मग जागेवर येऊन लिहिलं.

पंजा खांद्याच्या वर चार बोटं. ठरावाच्या बाजूने तीन मतं, विरोधात चार.